माही म्हणजे म्हशीवाला

मराठीत एम.ए. केलं ही माझी चूक झाली, मान्य. नोकरी पतसंस्थेत, दिवसभर हप्ते आणि थकबाकी, पण घरात कुणाला गाण्यातला एखादा शब्द अडला की सगळ्यांना एकदम आठवतं, अरे आपल्याकडे एम.ए. माणूस आहे ना.

मे महिन्यात धुळ्याहून रावेरला हळदीला निघालो. गाडी भाचा चालवत होता, शेजारी दाजी, मागे मी, बायको आणि आमची जिजी. एसी पारोळ्याच्या आतच गेला, म्हणजे चालू होता पण हवा बाहेरचीच आत ढकलत होता, आणि बाहेर पंचेचाळीस. आणि वरून भाच्याने ते एकच गाणं लूपवर लावलेलं, कारण संध्याकाळी त्याला त्यावर नाचायचं होतं. अर्धं हिंदी, अर्धं पंजाबी, आणि मधे एक पोरगं भांडण झाल्यासारखं फास्ट बोलून जातं.

तिसऱ्यांदा वाजल्यावर जिजीने विचारलंच, "हाई काय म्हनी ऱ्हायना रे भो तो?"

"मामाला विचार," भाचा आरशातून हसला.

मी म्हटलं, जिजी, तो म्हणतो मी तुला माझं जिगर दिलं, म्हणजे काळीज दिलं.

"काळीज दी टाकं, मंग तो जित्ता कसा शे?"

इथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण एम.ए. जागं झालं. मी सांगितलं की जिगर म्हणजे खरंतर हृदय नाहीच, यकृत, फारसी शायर भावनांचं घर यकृतात धरायचे, आणि आपलं काळीज पण मुळात तेच, मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो काय देतो? यकृतच देतो ना. गाडीत शांतता. बायको म्हणाली, म्हणजे लग्नाआधी तुम्ही मला चिठ्ठीत काळीज लिहून पाठवलेलं ते हे होतं का. एरंडोलपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या कडव्यात प्रेयसी अवकाळी पावसासारखी येते. हे कळल्यावर दाजी, जे तोवर डुलक्या घेत होते, ते सरळ उठून बसले. दाजींचा केळीचा बाग आहे, घड लागलेले, आणि मागच्या वर्षी वाऱ्याने निम्मी झाडं आडवी झालेली. "अवकाळी? कोणी लिहिलं हे? त्याच्याकडे केळी आहे का?" मी म्हटलं दाजी ते रूपक आहे, अचानक आलेला आनंद वगैरे. "कसला आनंद हो, पंचनाम्याला तलाठी कधी आला माहितीये का तुम्हाला?" तलाठ्याची सगळी गोष्ट झाली. गाणं मागे चालूच. नंतर चांद, नशा, समंदर असं नेहमीचं येऊन गेलं, कुणी काही विचारलं नाही, चंद्राबद्दल तर हल्ली कुणाची काही तक्रारच नसते.

अडलं ते 'माही'वर. दर दोन ओळींनी माही. भाच्याचं म्हणणं माही म्हणजे जानू. आता हा शब्द मला खरंच माहीत होता, आणि माहीत असलेली गोष्ट पोटात राहत नाही हा आमच्याकडचा खानदानी आजार आहे. माही म्हणजे मुळात म्हशी राखणारा. पंजाबात महिवाल म्हणतात त्याला, हीरसाठी रांझाने तिच्या बापाच्या म्हशी राखल्या, आणि सोहनीसाठी बुखाऱ्याहून आलेला चांगला व्यापारी म्हशीवाला झाला.

जिजीचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्या गाण्यात तिला काहीतरी कामाचं सापडलं. "कितल्या म्हशी व्हत्यात?"

मग सगळी गोष्ट सांगावी लागली. सोहनी कुंभाराची पोर, तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं, तर ती रात्री पालथ्या मडक्याच्या आधारावर चिनाब पोहून त्याला भेटायला जायची. ननंदेला कळलं. तिने भाजलेलं मडकं काढून तिथं कच्चं ठेवलं, ते भर नदीत विरघळलं आणि दोघं बुडाले. मी हे इतकं रंगवून सांगितलं की माझाच गळा भरून आला. नेमकी तेव्हा गाडी बांभोरीच्या पुलावर, खाली गिरणा, नुसती वाळू आणि ट्रॅक्टर. दाजी खाली बघून म्हणाले, इथं चालत गेली असती.

जिजी मात्र विचारात पडली होती. मला वाटलं लागलं मनाला. मग म्हणाली, "कुंभारनी पोर ना ती? मंग वाजाडीसन दखं नही का तिनी?"

यावर पंजाबातल्या कुठल्या शायराने काही उत्तर दिलंय का ते मला माहीत नाही, पण प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना जिजी दहा माठांवर बोटाची पेरं मारते, कान लावते, टणटण आवाज आला तर ठीक नाहीतर पुढचा. मी म्हटलं अगं अंधार होता, ती प्रेमात होती. "मंग? हात नव्हतात का?"

विद्यापीठ नुकतंच मागे गेलं होतं, बहिणाबाईंच्या नावाचं. मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हणणारी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिची ओळ कुणाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मी हे मोठ्याने बोललो तर भाचा म्हणाला, मामा, त्याच्यावर डीजेचं रिमिक्स आहे का?

रावेरला पोचेपर्यंत गाणं मला पाठ झालं होतं. हळदीत भाचा नाचला, चांगला नाचला. पण बायकांच्या घोळक्यात जिजीने सोहनीची गोष्ट आधीच पसरवली होती, तिच्या पद्धतीने, त्यामुळे दर 'माही'ला मागून बायका ओरडत होत्या, "म्हशीवाला!" नवरीची ननंद बिचारी, काहीच न करता सगळे तिच्याकडे बघत होते.

सकाळी रुखवत मांडलं होतं. रंगवलेल्या मडक्यांची उतरंड, वर आरसे, मोती, टिकल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून जिजी पुढे गेली, सगळ्यात वरच्या मडक्यावर पेरं मारली, कान लावला. मग माझ्याकडे बघून मान हलवली, की हे चालंन.