‘एफओबी करा आणि निर्धास्त राहा’ या संदेशाला उत्तर

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंत, निफाड आणि दिंडोरी भागांतल्या निर्यातदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: निर्यात एफओबी (माल जहाजावर चढवून देण्याच्या) अटीवरच करावी, कारण कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या फाटकातून आत गेला की आपली जबाबदारी संपते; सीआयएफ (भाडे आणि विमा विक्रेत्याने भरण्याची अट) टाळावे, कारण त्यात माल युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात उतरेपर्यंतची जोखीम आपल्या माथी येते; बिल ऑफ लेडिंग हा जहाज कंपनीचा कागद ही माल चढवल्याची पावती असल्याने तिच्या मूळ प्रती खरेदीदाराला लवकरात लवकर पाठवून द्याव्यात; डिमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर मुदतीपलीकडे अडकल्याचे शुल्क) हा खरेदीदाराचा प्रश्न असतो; आणि एफओबीचे बिल झाले की ठरलेले पैसे पक्के असतात. द्राक्ष निर्यातीची कागदपत्रे तयार करणे हे माझे काम आहे. हा संदेश प्रमाण मानून करार केलेले बागायतदार नंतर कागदांची चळत घेऊन माझ्यासमोर बसतात, तेव्हा बहुतेक वेळा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. म्हणून या पाचही विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

एफओबी, सीआयएफ, एफसीए (हिच्याबद्दल पुढे) या अटींचे अर्थ पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ‘इन्कोटर्म्स’ या नियमांत लिहून ठेवले आहेत. हे नियम प्रथम १९३६ मध्ये आले आणि सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. त्यात एकूण अकरा अटी आहेत, आणि त्यांपैकी एफओबी आणि सीआयएफ धरून चारच अटी केवळ सागरी व अंतर्गत जलवाहतुकीसाठी आहेत.

आता पहिले विधान. एफओबीमध्ये जोखीम खरेदीदाराकडे जाते ती माल जहाजावर चढल्यावर. ‘फ्री ऑन बोर्ड’ या नावातच ते आहे. पूर्वी माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की जोखीम बदलते असे मानले जाई. २०१० च्या आवृत्तीत कठडा गेला आणि ‘जहाजावर’ हा शब्द राहिला. बंदराचे फाटक मात्र या नियमात कधीच नव्हते. ज्यांनी हा संदेश लिहिला त्यांच्या गैरसमजाचे एक कारण मला असे वाटते की अमेरिकेतील देशांतर्गत व्यापारात एफओबी हा शब्द एखाद्या गोदामाला किंवा गावालाही जोडला जातो आणि इंटरनेटवरची पुष्कळ माहिती तिकडची असते. त्यामुळेच करारात नुसते ‘एफओबी’ न लिहिता ‘एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०’ असे पूर्ण लिहावे.

हा फरक शब्दांपुरता नाही. आपला रीफर, म्हणजे शीत, कंटेनर पॅक हाऊसमध्ये (द्राक्षे बांधण्याच्या जागी) भरून, सील लावून, कसारा घाट उतरून बंदरात पोहोचतो आणि कट-ऑफच्या (शेवटच्या ठरलेल्या वेळेच्या) आत त्याचे गेट-इन, म्हणजे फाटकातून प्रवेश, होतो. त्यानंतर तो यार्डात विजेच्या जोडणीवर उभा असतो. जहाज उशिरा आले किंवा लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, म्हणजे आपण ज्याला रोल ओव्हर म्हणतो ते झाले, तर हा मुक्काम अनेक दिवसांचा होतो. उणे अर्धा ते शून्य अंश सेल्सिअस तापमानात न्यायच्या द्राक्षांसाठी हे दिवस फार नाजूक असतात. माझ्या पाहण्यातल्या एका कंटेनरची वीज यार्डात काही तास खंडित झाली होती आणि ते तापमानाच्या नोंदीत स्पष्ट दिसत होते. निर्यातदार शेवटपर्यंत म्हणत राहिला की माल फाटकातून आत गेला होता, म्हणजे आता तो खरेदीदाराचा. नियमाप्रमाणे त्या मालाची जोखीम अजून निर्यातदाराचीच होती. त्याहून वाईट म्हणजे खरेदीदाराने घेतलेला विमा जहाजावर चढल्यापासूनच्या जोखमीचा होता आणि निर्यातदाराने स्वतःचा विमा उतरवलाच नव्हता. पॅक हाऊसपासून जहाजावर चढेपर्यंतचा टप्पा एफओबी विक्रेत्याने आपल्या नावाने विम्याखाली आणलाच पाहिजे. आमच्या भागात ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, असे माझे मत आहे.

वस्तुतः कंटेनरच्या मालाला एफओबी ही अटच नीट बसत नाही. आपण कंटेनर टर्मिनलच्या हवाली करतो आणि तो प्रत्यक्ष जहाजावर कधी चढेल यावर आपले कोणतेही नियंत्रण राहत नाही. तरीही जोखीम मात्र आपल्याकडेच राहते. इन्कोटर्म्सच्या स्पष्टीकरणातच अशा मालासाठी एफसीए सुचवलेली आहे. ‘एफसीए’मध्ये ठरलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ न्हावा शेव्याच्या टर्मिनलवर, खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवला की जोखीम बदलते. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याला जे हवे आहे ते एफसीएमध्ये मिळते, एफओबीमध्ये नाही. बँक ‘शिप्ड ऑन बोर्ड’ (माल जहाजावर चढला) अशी नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग मागते म्हणून एफसीए चालत नाही, हा आक्षेप पूर्वी रास्त होता. २०२० च्या आवृत्तीत मात्र अशी सोय आहे की दोघांनी करारात तसे ठरवले, तर खरेदीदाराने आपल्या वाहतूकदाराला विक्रेत्याच्या नावे तशी नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग देण्याची सूचना द्यायची.

सीआयएफबद्दलचे विधानही चुकीचे आहे. ‘सीआयएफ रॉटरडॅम’ असे लिहिले तर रॉटरडॅमपर्यंतचे भाडे आणि विम्याचा हप्ता विक्रेत्याने भरायचा, एवढाच त्या बंदराच्या नावाचा अर्थ आहे. जोखीम एफओबीप्रमाणेच न्हावा शेव्याला माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. माल पोहोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याकडे ठेवणाऱ्या अटी वेगळ्या आहेत, त्यांची नावे डीएपी, डीपीयू आणि डीडीपी. ज्यांना हा फरक ठाऊक नसतो ते सीआयएफला घाबरतात आणि डीएपीवर मात्र सहज सही करतात, ही मला खरी काळजीची बाब वाटते.

सीआयएफमध्ये जपायचे ते विम्याच्या दर्जाला. नियमानुसार विक्रेत्याने कराराच्या किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा विमा काढायचा असतो, पण तो ‘क्लॉज सी’ या सर्वांत अरुंद प्रकाराचा असला तरी चालतो. त्यात आग, जहाज रुतणे, बुडणे, टक्कर आणि जनरल अ‍ॅव्हरेज, म्हणजे जहाज व माल वाचवण्यासाठी केलेल्या खर्चातला सर्व मालधन्यांचा वाटा, एवढे येते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात अडकल्यावर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले होते. विमा नसलेल्या मालधन्याला अशा वेळी अनामत रक्कम भरल्याशिवाय माल मिळत नाही. मात्र कंटेनरचे शीतयंत्र बिघडून द्राक्षे मऊ पडली, तर क्लॉज सी उपयोगाला येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि त्यातही यंत्र सलग काही तास बंद असण्याची अट असू शकते. निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान तर सर्वांत व्यापक अशा ‘क्लॉज ए’मध्येही वगळलेले असते. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेली आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, तेव्हा या एका ओळीचा अर्थ पुष्कळांना पहिल्यांदा समजला. जहाजाच्या वेळापत्रकात दिसणारा ‘ईटीए’ हा पोहोचण्याचा अंदाज असतो, हे येथे सांगून ठेवतो.

तिसरे विधान मला सर्वांत धोकादायक वाटते. बिल ऑफ लेडिंग ही पावती आहे, हे खरे. पण ते वाहतुकीच्या कराराचा पुरावाही आहे आणि मालावरील हक्काचा दस्तऐवजही आहे. भारतात यासाठी १८५६ पासून कायदा होता आणि त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. मूळ प्रती सहसा तीन काढल्या जातात आणि त्यांतली कोणतीही एक दाखवून माल सोडवला की उरलेल्या दोन निरुपयोगी होतात. त्यामुळे पैसे येण्याआधी एक मूळ प्रत कुरियरने पाठवणे म्हणजे गोदामाची किल्ली देऊन टाकणे आहे. ‘टेलेक्स रिलीज’ दिले, म्हणजे मूळ प्रती इथेच लाइनला परत केल्या, तरी परिणाम तोच होतो. ‘सी वेबिल’ (बिल ऑफ लेडिंगऐवजी मिळणारा वाहतुकीचा कागद) हा तर हक्काचा कागद नसतोच. खरेदीदारावर पूर्ण विश्वास असेल, तर हे मार्ग वेळ वाचवतात आणि नाशवंत मालाला वेळ हवाच असतो, हे मी नाकारत नाही. पण तो निर्णय पैशांची व्यवस्था पाहून घ्यायचा असतो.

डिमरेज आणि डिटेन्शनबाबत संदेश अर्धवट सांगतो. मोफत दिवस संपल्यावर भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये पडून राहिला तर डिमरेज लागते. तो बाहेर नेऊन रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन. खरेदीदाराने माल उचलायला उशीर केला, तर गंतव्य बंदरावरचा हा खर्च सामान्यतः त्याचाच. परंतु इन्कोटर्म्स फक्त विक्रेता आणि खरेदीदार यांना बांधतात, जहाज कंपनीला नाही. बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘मर्चंट’ (लाइनच्या शुल्काला जबाबदार पक्ष) या शब्दाची व्याख्या असते आणि तिच्यात शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून ज्याचे नाव आहे तोही येतो. खरेदीदाराने दर पडल्यामुळे माल घ्यायचे नाकारले, तर लाइन थकबाकीसाठी शिपरकडे, म्हणजे इथे आपल्याकडे, येऊ शकते. ‘फ्रेट प्रीपेड’ हा शिक्काही केवळ समुद्री भाडे भरल्याचे सांगतो. पलीकडचे टर्मिनल हाताळणी शुल्क त्यात धरलेच असेल असे नाही.

राहिले पैशांचे विधान. मालकी कधी बदलेल आणि पैसे कसे व केव्हा मिळतील, हे इन्कोटर्म्स ठरवतच नाहीत. ते विक्री करारात वेगळे लिहावे लागते. नाशिकची पुष्कळ द्राक्षे कन्साइनमेंटवर, म्हणजे आधी दर न ठरवता, जातात. तिथे दर पोहोचलेल्या मालाची प्रत आणि त्या आठवड्याचा बाजार पाहून ठरतो, आणि अशा व्यवहाराच्या बिलावर एफओबी लिहिल्याने तो दर पक्का होत नाही.