बोअर घ्या, मासा आपोआप जाईल

मासा संपवायचा म्हणलं की लोक जाळं नाहीतर गळ घेऊन निघतात. कशाला एवढे कष्ट भौ, बोअर घ्या.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिल्स होल म्हणून एक कपार आहे, पाणी ३३ डिग्री, तळ अजून कुणालाच सापडला नाही. त्यात इंचभर निळसर पपफिश राहतो, निसर्गात दुसरीकडं कुठंच नाही. पाणी एवढं खोल पण याचा सगळा संसार काठाजवळच्या एका उथळ खडकावर, आपली ओसरी असते तेवढाच, शेवाळ खायचं तिथंच अन अंडी घालायची पण तिथंच. म्हणजे सगळं पाणी आटवायची गरजच नाही, खडक उघडा पडला की झालं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी शेजारच्या एका मोठ्या शेतवाल्यानं बोअर मारून उपसा चालू केला, पाणी उतरायला पण लागलं. पण सरकारच कोर्टात गेलं आणि १९७६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, माशाला लागेल तेवढी पातळी राहू द्या, पंप आवरा. इंचभर माशासाठी!

त्या शेतवाल्यानं आमच्या मराठवाड्यात शेत घ्यायला पाहिजे होतं. इथं कायदा २०० फुटाला थांबतो, बोअरची गाडी थांबत नाही. आधी पाणाडी बोलवा, तळहातावर आडवा नारळ उभा राहिला की तिथं खूण करा. गाडी रात्रीच सांगायची. शेजाऱ्याला ५०० फुटाला लागलं तर आपण ७०० जायचं, म्हणजे त्याचं पण आपल्याकडंच येतं. नुसता फुफाटाच उडाला तर जागा बदला, कर्ज आहेच.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, आठवतंय ना? त्याच महिन्याच्या शेवटी तिकडं तीन पिलेले गडी कुंपण चढून डेव्हिल्स होलवर गेले, एक पाण्यात उतरला, एक मासा मेला. त्याला वर्षभर जेल! अर्थात २०१३ ला मासे मोजले तेव्हा ३५ च भरले होते म्हणा, त्यांनी तर जवळच हुबेहूब नकली होल बांधून त्यात पण मासे ठेवलेत, खडकासकट. ह्या हिशोबानं आमच्याकडं अख्खा तालुका आत जाईल, मग बोअरचे हप्ते कोण भरणार?

पाणाड्याचा नंबर पाहिजे असेल तर सांगा. फक्त नारळ शेंडीवाला आणा, सोललेला त्याला चालत नाही.