तिकिटाचे पैसे आणि मुलांचे पाय

लंडनहून परतून महिना होत आला. आम्ही चौघे तिथे नऊ दिवस होतो; मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. परतल्यावर अनेकांनी काय काय पाहिले असे आपुलकीने विचारले आणि आमचे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला, कारण आम्ही मेणाचे पुतळे पाहिले नाहीत, राजवाड्यासमोरचा पहारेबदल पाहिला नाही आणि लंडन आयच्या पाळण्यातही बसलो नाही. प्रत्येकाला वेगवेगळे समजावण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. लहान मुलांना घेऊन अशा महानगरात गेल्यावर सहलीचा विचका बहुतेक वेळा आगाऊ काढून ठेवलेली महागडी तिकिटे करतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे मत दुसऱ्याच दिवशी टॉवर ऑफ लंडनमध्ये तयार झाले. कोहिनूर पाहायचाच, हा हट्ट आम्हा मोठ्यांचा होता. रांगेत बराच वेळ ताटकळल्यावर मुकुटांच्या काचपेट्यांपाशी पोहोचलो, तर तिथे सरकता पट्टा. 1937 सालच्या मुकुटात बसवलेला तो हिरा नीट दिसेपर्यंत पट्ट्याने आम्हाला पुढे नेऊन सोडलेही. मुलाला मात्र बाहेरच्या हिरवळीवरचे डोमकावळे पाहायचे होते. ते किल्ला सोडून गेले तर राज्य बुडेल अशी आख्यायिका असल्यामुळे तिथे किमान सहा डोमकावळे कायम पाळले जातात, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने कोणत्याही हिऱ्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी महत्त्वाची होती. पण ‘एवढे पैसे भरले आहेत, आता सगळे पाहूनच निघायचे’ हे वाक्य मी त्या दिवशी निदान तीनदा उच्चारले. परिणामी मुलगा एका दगडी जिन्यावर बसून मोठ्याने रडला. चूक सर्वस्वी आमचीच होती.

या उलटचा अनुभव साउथ केन्सिंग्टनमध्ये आला. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना 2001 सालापासून प्रवेशशुल्क नाही. या सवलतीकडे आपण खर्चात बचत म्हणून पाहतो. माझ्या मते तिचा खरा उपयोग असा, की कंटाळा आला त्या क्षणी मनात कसलीही रुखरुख न ठेवता बाहेर पडता येते. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सव्वापंचवीस मीटर लांबीचा सांगाडा सूर मारण्याच्या पवित्र्यात टांगलेला आहे. हा देवमासा 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. 2017 मध्ये तो या दालनात आला, तेव्हा त्याचे नाव ‘होप’ ठेवण्यात आले. मुलगी त्याच्याखाली चक्क जमिनीवर आडवी झाली. मुलाला मात्र कमानींवर चढणारी भाजक्या मातीची माकडे दिसली आणि पुढचा अर्धा तास आम्ही तीच मोजली. ही इमारत 1881 सालची; तिचे वास्तुरचनाकार आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी एका बाजूला नामशेष झालेले आणि दुसऱ्या बाजूला आज अस्तित्वात असलेले प्राणी घडवून घेतले आहेत. डायनासोरच्या दालनात हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स पाहून मुलगा घाबरला, तसे आम्ही बाहेर पडलो. दोन दिवसांनी तो आपण होऊन ‘आता बघतो’ म्हणाला, तेव्हा चाळीस मिनिटांसाठी पुन्हा गेलो. तिकीट असते तर पहिल्याच दिवशी त्याला ओढत पुढे नेले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

रस्त्यापलीकडच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आम्ही केवळ टिपूचा लाकडी वाघ पाहून आलो, ज्याच्या पोटात चक्क बाजा बसवलेला आहे. (वाघनखे कुठे आहेत, असे मुलीने विचारले, ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत, हे सांगताना मला उगाचच अभिमान वाटला.)

प्रवासाबद्दल थोडक्यात. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेत भाडे पडत नाही, बसमध्येही नाही. जगातील ही पहिली भुयारी रेल्वे 1863 सालची, त्यामुळे अनेक स्थानकांत जिने आहेत आणि ढकलगाडी उचलून न्यावी लागते. बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची जागा हे आमच्या मुलांचे सर्वांत आवडते प्रेक्षणीय स्थळ ठरले.

ग्रिनिचला जाताना डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेने जावे. तिला चालकाची केबिन नसल्यामुळे मुले सगळ्यात पुढे बसून गाडी आपणच चालवत असल्याच्या थाटात राहतात. वेधशाळेच्या छतावरचा लाल गोळा 1833 सालापासून दुपारी एकच्या ठोक्याला खाली पडतो. नदीतल्या जहाजांना आपली घड्याळे जुळवता यावीत म्हणून ही सोय केलेली होती. शून्य रेखांशाच्या पट्टीवर मुलीने फोन धरला, तर आकडा शून्य येईना. आधुनिक उपग्रहीय मापनातले शून्य रेखांश त्या पट्टीच्या पूर्वेला सुमारे 102 मीटरवर आहे, हे समजल्यावर ती पावले मोजत बागेत शिरली आणि ‘खरी’ रेषा शोधण्यात तिचा तासभर आनंदात गेला. तिथून थेम्सखालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडे जाऊन परत आलो. बोगदा 1902 सालचा, प्रवेश अर्थातच मोफत. प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आमच्या मुलांनी जो आरडाओरडा केला, त्याबद्दल इतर पादचाऱ्यांची मी मनोमन क्षमा मागितली.

सगळे मुलांच्याच मनाप्रमाणे करावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. एक ठिकाण आम्ही आमच्यासाठी राखून ठेवले होते आणि तसे मुलांना आदल्या रात्री स्पष्ट सांगितले होते: 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये जिथे राहिले, ते हे घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. मुलीने ‘ते एकटेच राहायचे का?’ एवढेच विचारले. मुलगा पंधरा मिनिटे शांत बसला, सोळाव्या मिनिटाला चुळबुळ करू लागला. मग आम्ही जवळच्या प्रिमरोज हिलवर गेलो. तिथून सगळे शहर दिसते, असे मी त्यांना दाखवत होते, तोवर दोघे उतारावरून लोळत खाली पोहोचलेही होते.