‘बातमीत दम असेल तर वर्तमानपत्र पैसे देईलच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाच्या ग्रेट निकोबार बेटावर आणि तिथल्या प्रस्तावित बंदर-विमानतळ प्रकल्पावर लिहिणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना अनुदान हवं, या मुद्द्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. बातमीत दम असेल तर वर्तमानपत्र पैसे देईलच, हा पहिला. देणगीदाराच्या पैशातली बातमी त्याच्याच बाजूची असणार, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिला जहाजाच्या वेळापत्रकापुढे टिकत नाही.

पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) या बेटावरच्या कॅम्पबेल बे या मुख्य गावाला जाणारं जहाज वाटेतली बेटं घेत जातं. हवा बिघडली की फेरी पुढे ढकलली जाते, आणि हेलिकॉप्टरमध्ये जागा मोजक्याच. चार दिवसांच्या कामाला दोन आठवडे धरावेत. वर्तमानपत्र लेखाचं मानधन देतं, धक्क्यावर ताटकळलेल्या दिवसांचं नाही. अनुदान लागतं ते या दिवसांसाठी. पण अर्जात कॅमेरा आणि विमानाचं तिकीट न चुकता येतं, राखीव दिवसांचा खर्च मात्र राहून जातो. मग पैसे मुक्कामातच संपतात आणि बातमी एका अधिकाऱ्याच्या मुलाखतीवर उरकली जाते. निदान एक तृतीयांश दिवस राखीव दाखवावेत. बेटावरच्या गलाथिया उपसागराच्या किनाऱ्यावर चामडी पाठीची कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. त्यासाठी अर्ज आधीच्या उन्हाळ्यातच गेला पाहिजे.

बेटाचा मोठा भाग 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली राखीव आहे. तिथे पासशिवाय प्रवेश नाही, संपादकाचं पत्र चालत नाही. ‘शॉम्पेन आदिवासींच्या वस्तीला भेट’ असं अर्जात लिहिणाऱ्याला तर पैसे देऊच नयेत. पासाविना करण्याजोगं कामही पुष्कळ आहे. 1969 पासून पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. प्रस्तावित विमानतळाला लागणाऱ्या जमिनीचा प्रश्न याच वसाहतींचा आहे. मराठी पत्रकाराने सुरुवात तिथून करावी.

आता दुसरा आक्षेप. सुमारे 166 चौरस किलोमीटरवरचा, 72,000 कोटींचा म्हणून जाहीर झालेला हा प्रकल्प. हितसंबंध दोन्हीकडे असणारच. देणगीदाराच्या सज्जनपणावर विसंबू नये, करार वाचावा. प्रसिद्धीपूर्वी मजकूर त्याला दाखवायचा नाही, बातमीतून अपेक्षेविरुद्ध निघालं तरी झालेला खर्च परत मागायचा नाही, आणि लेखाखाली अनुदानाचा उल्लेख करायचा: ही तीन कलमं नसतील तर सही करू नये. हप्तेही पाहावेत. निम्मी रक्कम प्रसिद्धीनंतर मिळणार असेल तर पदरचे पैसे घालू शकणाराच अर्ज करतो. प्रवास आणि मुक्काम पूर्णपणे पहिल्या हप्त्यात मागावा, मानधन नंतर आलं तरी चालेल.

परदेशी पैशाबाबत तुमची शंका कायद्यालाही आहेच. 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याचं कलम 3 नोंदणीकृत वृत्तपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक, संपादक यांना परकीय योगदान घेण्यास मनाई करतं. कलम 4 मध्ये पगार, मोबदला आणि नेहमीच्या व्यवहारातल्या रकमेला सूट आहे. पत्रकारांना अनुदान देणाऱ्या अर्थ जर्नालिझम नेटवर्क किंवा पुलित्झर सेंटरसारख्या परदेशी संस्थेचं पत्र आलं, तर ते पैसे कामाचा मोबदला आहेत की अनुदान, हे करारातल्या शब्दांवरून आधी सीएकडून तपासून घ्यावं. पैसे खात्यात आल्यावर विचारून उपयोग नाही.