डुलकी लागलेल्या सिस्टरला मेमो देण्याआधी ड्युटी रोस्टर मागवा

रात्रपाळीत झोप लागली म्हणून परिचारिकेला मेमो मिळतो, तेव्हा त्या कागदावर साधारणपणे तीनच गोष्टी असतात : तारीख, वेळ आणि "कर्तव्यावर असताना झोपलेल्या आढळलात" हे वाक्य. ती किती वाजता कामावर आली होती, वॉर्डात किती रुग्ण होते, तिच्या जोडीला कोण होते, आदल्या दिवशी तिला वेळेवर घरी जाता आले होते का, यातले काहीही त्यात नसते. मी परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर अनेक मुलींना असे खुलासे लिहायला मदत करत आले आहे. ड्युटी रोस्टर न पाहता दिलेल्या शिक्षेने रुग्ण सुरक्षित होत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

सध्या माझ्यासमोर असलेले प्रकरण एका खासगी रुग्णालयातले आहे. चौकशी चालू असल्यामुळे रुग्णालयाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, 32 खाटा, सगळ्या भरलेल्या, ड्युटी रात्री 8 ते सकाळी 8. रोस्टरवर दोन सिस्टर होत्या. त्यातल्या एकीला रात्री 11 च्या सुमारास आयसीयूत माणूस कमी पडले म्हणून तिकडे पाठवले गेले. उरलेल्या मुलीची ती सलग सहावी नाइट होती. त्याच दिवशी सकाळी तिची रिलिव्हर आली नव्हती, म्हणून ती पाचवी नाइट संपल्यावरही दुपारी 2 पर्यंत वॉर्डातच थांबली होती. म्हणजे सलग 18 तास काम, मग तासाभराचा प्रवास, घरी चार वर्षांचे मूल, आणि रात्री 8 ला पुन्हा ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा आणि रुग्णांची माहिती घ्यायला, हजर. मधल्या वेळात तिला जेमतेम दोन-अडीच तासांची झोप मिळाली होती. पहाटे 4 नंतर ती नर्सिंग स्टेशनच्या टेबलाशी, खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. एका रुग्णाच्या नातेवाइकाने मोबाईलवर चित्रीकरण केले, सकाळपर्यंत ते गावभर फिरले आणि दुपारी तिच्या हातात निलंबनाचे पत्र पडले.

रिपोर्ट बुकच्या त्या पानाचा फोटो तिने मला दाखवला, रुग्णांची नावे झाकून. 2 वाजताच्या इंजेक्शनांच्या नोंदी सरळ, ठळक अक्षरात आहेत. पुढे इनटेक-आउटपुटचे, म्हणजे रुग्णाच्या शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाचे, आकडे आहेत. त्याच्या पुढच्या ओळीत एका रुग्णाच्या ड्रेनची (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) नोंद सुरू होते, अक्षरे हळूहळू लहान होत ओळीच्या खाली उतरत जातात, आणि एका अर्धवट शब्दापासून पेनाची रेघ तिरकी घसरत पानाच्या कडेपर्यंत जाते. वॉर्डात रात्री काढलेल्या प्रत्येकीला ती रेघ ओळखता येईल. झोपायचे ठरवणारे माणूस अर्ध्या शब्दावर पेन टेकवून झोपत नाही.

खुलासा लिहायला बसल्यावर तिने मला विचारले, "सिस्टर, डोकं दुखत होतं म्हणून क्षणभर डोळे मिटले होते, असं लिहू का?" मी तिला स्पष्ट नाही म्हणाले. झोप लागली होती हे पहिल्याच ओळीत मान्य कर, आणि दुसऱ्या ओळीपासून मागच्या 36 तासांचा हिशेब तारीख-वेळेसह लिही, असे सांगितले. घाबरून लिहिलेले एक खोटे वाक्य चौकशीत उघडे पडले की खरी असलेली बाकीची दहा वाक्येही कोणी वाचत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

रात्री जागणे हा निश्चयाचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शरीराकडे जरा नीट पाहावे. माणसाच्या शरीराचे तापमान साधारण पहाटे 3 ते 5 च्या दरम्यान सर्वांत खाली उतरलेले असते आणि त्याच वेळी झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. सलग काही नाइट केल्या म्हणजे हे घड्याळ उलटे फिरते असे नाही. दिवसा उजेडात, घरातल्या वर्दळीत मिळणारी झोप तुटक असते आणि उरलेली झोप थकबाकीसारखी साठत जाते. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 1997 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. 24 तासांनंतर ती 0.1 टक्क्याच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली चालकासाठीची मर्यादा 0.03 टक्के आहे. दारू पिऊन आलेल्या सिस्टरला कोणतेही रुग्णालय इन्सुलिनचा डोस मोजू देणार नाही, आणि तसेच असायला हवे. पण 18 तास काम केलेल्या सिस्टरला सहा तासांनी पुन्हा बोलावून 32 रुग्णांची जबाबदारी देताना कोणालाही काही वावगे वाटत नाही.

अशा प्रकरणांत व्यवस्थापनाचे वकील हमखास पुण्याच्या भारत फोर्जच्या खटल्याचा दाखला देतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. ऑगस्ट 1983 मध्ये त्या कारखान्यातला एक मदतनीस कामगार सकाळी 11.40 वाजता लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला आढळला आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. कामगार न्यायालयाला ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी वाटली. प्रकरण वर वर जात राहिले आणि जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. एवढे ऐकून बहुतेक मुली हातपाय गाळतात. पण निकाल वाचला तर दिसते की ती वेळ भर सकाळची होती आणि त्या कामगाराच्या नावावर त्याआधीचे तीन गैरवर्तनाचे प्रसंग नोंदलेले होते. न्यायालयाने पूर्वेतिहासाला महत्त्व दिले. ज्या मुलीच्या फाइलला त्या रात्रीपर्यंत एकही मेमो लागलेला नाही, तिला हाच निकाल दाखवून घाबरवणे योग्य नाही.

त्याच्या शेजारी फेब्रुवारी 2025 चा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल ठेवून पाहा. कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळातला एक कॉन्स्टेबल ड्युटीवर झोपलेला असतानाची चित्रफीत पसरली आणि त्याला निलंबित केले गेले. मनुष्यबळ कमी असल्यामुळे त्याच्याकडून जवळजवळ दोन महिने रोज 16 तासांची दुहेरी पाळी करून घेतली गेली होती, हे न्यायालयासमोर आले. एकाच पाळीत काम करताना तो झोपला असता तर ते गैरवर्तन ठरले असते, परंतु दोन दोन पाळ्या लादून नंतर झोपेबद्दल शिक्षा करता येत नाही, अशा आशयाची भूमिका घेऊन न्यायालयाने निलंबन रद्द केले. माणसाला विश्रांतीचा आणि झोपेचा हक्क आहे, हेही त्या निकालात आले आहे. आमच्या खुलाशात आम्ही हा निकाल जोडला आहे.

कायद्यातही शिक्षा एकच नाही. सरकारी सेवेत असणाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू होतात आणि त्यात ठपका ठेवण्यापासून वेतनवाढ रोखणे, पदावनती, थेट बडतर्फीपर्यंत पायऱ्या दिलेल्या आहेत. खासगी रुग्णालयांच्या सेवाशर्तींतही ताकीद असतेच. प्रश्न असा आहे की चित्रफीत पसरली की व्यवस्थापन पायऱ्या विसरते आणि लोकांचा राग शांत होईल असे काहीतरी तातडीने करून मोकळे होते.

त्या नातेवाइकाबद्दल मला राग नाही, हे इथे लिहिणे आवश्यक आहे. त्याच्या वडिलांचे त्याच दिवशी ऑपरेशन झाले होते, सलाईन संपत आले होते, त्याने दोन हाका मारल्या आणि सिस्टर उठली नाही. त्याची भीती शंभर टक्के खरी होती. ऑपरेशननंतरच्या रुग्णाचा ड्रेन अचानक रक्ताने भरू शकतो, ब्लड प्रेशर घसरू शकते, ऑक्सिजनचा मास्क सरकू शकतो, आणि हे सगळे आवाज न करता होते. रात्री वॉर्डात जागे आणि सावध माणूस असणे हा रुग्णाचा हक्क आहे, यावर माझ्याकडून कोणतीही तडजोड होणार नाही. दार आतून लावून, गादी अंथरून, वॉर्ड मावशींच्या भरवशावर सोडून झोपणाऱ्यांना मी स्वतः मेमो दिलेले आहेत आणि आजही देईन. पण जाणूनबुजून झोपणे आणि काम करता करता शरीराने साथ सोडणे यांत फरक करता आला नाही, तर ती चौकशी कसली?

आणि या निलंबनाने वॉर्डाला काय मिळाले, तेही पाहू. त्या रुग्णालयात आधीच रात्रीला माणसे पुरत नव्हती. एक सिस्टर निलंबित झाल्यावर तिच्या उरलेल्या नाइट बाकीच्यांत वाटल्या गेल्या, म्हणजे ज्या कारणाने एक जण झोपली, तेच कारण आता इतर चौघींच्या वाट्याला आले. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी 3 रुग्णांमागे 1 आणि इतर रुग्णालयांसाठी 5 रुग्णांमागे 1 परिचारिका असे आहे. ते रात्री जसेच्या तसे पाळले जाईल अशी भाबडी अपेक्षा मी करत नाही, पण 32 रुग्णांमागे 1 हा आकडा चौकशीच्या कागदावर यायलाच हवा, आणि त्या दुसऱ्या सिस्टरला आयसीयूत हलवण्याचा निर्णय कोणाचा होता हेही. तो निर्णय घेणाऱ्या नाइट सुपरवायझरचाही दोष असेलच असे नाही. त्यांच्यापुढे त्या रात्री दुसरा मार्ग नसेल. मग प्रश्न त्यांच्याही वर जातो, आणि तो जायलाच हवा.

विमान वाहतुकीत हे केव्हाच मान्य झाले आहे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांसाठी सुधारित नियम काढले, त्यांत आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या 6 वरून 2 वर आणली. विमान कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी रखडली, पण दमलेला माणूस हा धोका आहे हे तत्त्व तरी कागदावर आले. वॉर्डातल्या परिचारिकेसाठी असे तत्त्व कुठे आहे? निवासी डॉक्टरांसाठी 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा आहे, पण कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ऑगस्ट 2024 मध्ये ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला तेव्हा साऱ्या देशाला कळले की 36 तासांच्या ड्युटीत डॉक्टर मुलीला पाठ टेकायला सेमिनार हॉल शोधावा लागतो. रात्रपाळीतल्या कर्मचाऱ्यांना विश्रांतीची पुरेशी जागा नसते, हे सर्वोच्च न्यायालयानेही त्यानंतरच्या आदेशात नमूद केले आहे.

माझी मागणी साधी आहे. रात्रीच्या 12 तासांत प्रत्येकीला अर्ध्या तासाची अधिकृत झोप मिळावी, रीतसर ओव्हर देऊन, रजिस्टरमध्ये वेळ लिहून, आणि त्या वेळी वॉर्डात दुसरी सिस्टर जागी असेल याची जबाबदारी नाइट सुपरवायझरने घ्यावी. उठल्यावर अर्ध्या तासापर्यंत डोके जड असू शकते, त्या वेळात इंजेक्शन भरायचे नाही, हेही नियमातच असावे. जपानमध्ये लांब रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना अशी झोपेची सुट्टी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे "तू 2 ला जा, मी 3 ला जाते" हे आपापसात चालतेच, प्रत्येक मेट्रनला ते ठाऊक असते. फक्त ते चोरून होत असल्यामुळे ओव्हर दिला जात नाही, आणि धोका नेमका तिथे असतो.

आमच्या प्रकरणात आम्ही चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी केली आहे : त्या महिन्याचे मूळ ड्युटी रोस्टर, त्यात नंतर झालेल्या बदलांसह; त्या दोन दिवसांची बायोमेट्रिक हजेरी; वॉर्डाची रात्रीची रुग्णसंख्या; दुसऱ्या सिस्टरला हलवल्याची सुपरवायझरच्या रजिस्टरमधली नोंद; आणि संपूर्ण चित्रफीत, कापलेला तुकडा नव्हे. ज्या मुली आज नाइटला आहेत, त्यांनी रिलिव्हर न आल्याचे त्याच दिवशी इन्चार्जना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी, तोंडी सांगून सोडून देऊ नये. कोणाला मेमो मिळाला असेल तर खुलासा देण्याआधी मला इनबॉक्समध्ये लिहा. मुदत 48 तासांचीच असली तरी कागदपत्रे मिळेपर्यंत ती वाढवून मागता येते, आणि त्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.