आपल्या अभिप्रायाला उत्तर: झोका, हस्ताक्षर आणि प्रमाणपत्र

सन्माननीय पालक,

आपला अभिप्राय मी मंगळवारी रात्री वाचला, बुधवारी आमच्या ऑक्युपेशनल थेरपी केंद्रातल्या सर्वांना वाचून दाखवला आणि जुन्या नोंदी काढून पाहिल्यानंतर हे उत्तर लिहीत आहे. आपण लिहिले आहे की, चौथीतल्या मुलाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, दर सत्राचे ७०० रुपये भरून आमच्याकडे आणले. तिथे त्याला झोक्यावर बसवले, मातीचे गोळे करायला लावले. अक्षर सुधारले नाही, सहामाहीचे गुण उलट घसरले. रेमेडियलचे, म्हणजे मागे पडलेल्या विषयांच्या विशेष शिकवणीचे, पैसे वेगळे मागितले. थेरपिस्ट दोन वेळा बदलल्या आणि त्याही ‘शिकाऊ मुली’ होत्या. आणि शेवटी ‘सरकारी सर्टिफिकेट काढून घ्या’ असे मुलासमोरच सांगून आम्ही हात वर केले. ‘पैसे उकळण्याचा धंदा’ हे शब्दही आपलेच आहेत. आपण स्वतः जे लिहिले आहे त्यापलीकडे मुलाबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही; त्याचे मूल्यमापन हा त्याचा खासगी विषय आहे. त्यामुळे काही ठिकाणी माझे उत्तर अपुरे वाटेल, ते तसेच राहू द्यावे लागेल.

सुरुवात मुलासमोर झालेल्या बोलण्यापासून करते, कारण त्याबद्दल मला स्वतःलाच सर्वाधिक वाईट वाटते. अध्ययन अक्षमतेच्या सरकारी प्रमाणपत्राचा विषय आपल्याकडे काढला तो मीच, आणि तो काढला बाहेरच्या पॅसेजमध्ये, मूल चपला घालत असताना, पुढच्या सत्राचे मूल दाराशी उभे असताना, एका वाक्यात. ज्या गोष्टीसाठी पालकांना खोलीत बसवून निदान अर्धा तास द्यायला हवा, ती मी जाता जाता बोलून गेले. ते वाक्य आपल्याला ‘आमच्याने होत नाही’ असे ऐकू आले असेल, तर चूक ऐकणाऱ्याची नाही. त्याबद्दल मी आपली आणि मुलाची क्षमा मागते.

थेरपिस्ट बदलल्याची तक्रारही खरी आहे. एक सहकारी प्रसूतीच्या रजेवर गेली, दुसरीने गाव सोडले. पण ही आमची अडचण होती आणि दोन्ही वेळा आपल्याला आधी फोन गेला नाही, हे नोंदवहीवरून दिसते. ज्या मुलाला नव्या माणसाशी जुळवून घ्यायलाच तीन-चार सत्रे लागतात, त्याच्या बाबतीत हा बदल म्हणजे शुल्क भरून वाया गेलेले दिवस. ‘शिकाऊ’ या शब्दाबद्दल मात्र एवढे नमूद करते की, सत्र घेणाऱ्या तिघीही पदवीधर असून राज्याच्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे. मदतीला एक प्रशिक्षणार्थी असते. ती कोण, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, ते सांगितले गेले नाही.

आता झोक्याविषयी. आपला मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो निम्मा बरोबर आहे. अक्षर खराब असणारी पुष्कळ मुले बाकावर बसताना अर्धी कलंडलेली असतात. उजव्या हातात पेन्सिल असते आणि डावा हात कागद धरण्याऐवजी डोके धरून असतो. पेन्सिलीवरचा दाब इतका की मागच्या दोन पानांवर उठाव दिसतो, आणि पाच ओळींनंतर बोटे झटकावी लागतात. पाठ, खांदा आणि मनगट स्थिर नसेल तर बोटांना बारीक काम जमत नाही, म्हणून झोका, भिंतीवर उभ्याने लिहिणे, माती मळणे हे प्रकार येतात. ते खेळासारखे दिसतात, आणि मुलाला तसे वाटावे अशीच आमची इच्छा असते.

परंतु झोक्याने अक्षर सुधारत नाही; अक्षर सुधारते ते लिहिण्याने. हस्ताक्षरावरील उपचारांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा आहे. त्याचा निष्कर्ष असा की, ज्या उपचारांत प्रत्यक्ष लेखनाचा सराव नव्हता, किंवा अशा सरावाची सत्रे २० पेक्षा कमी होती, त्यांचा उपयोग दिसला नाही. झोक्यासारख्या हालचाली आणि स्पर्शाचे खेळ वापरणाऱ्या, संवेदनांच्या एकात्मतेवर आधारलेल्या थेरपीविषयीचा पुरावा मर्यादित असून पालकांना तसे सांगितले जावे, अशी भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच घेतली आहे. हे मला ठाऊक असूनही आमच्याकडे पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ४५ मिनिटांच्या सत्रातली जेमतेम १० मिनिटे पेन्सिल हातात येत होती. आपण ‘नुसता झोका’ म्हणता तेव्हा या काळापुरते मला उत्तर नाही. गेल्या महिन्यापासून आम्ही हे प्रमाण उलटे केले आहे. आपला अभिप्राय येण्याआधीच केले, पण ते आपल्या मुलाच्या वाट्याला आले नाही, हेही खरे.

त्यातही देवनागरीचे प्रश्न वेगळे आहेत, आणि इंग्रजी लिपीसाठी बेतलेल्या सरावाच्या वह्या तिथे फारशा कामाला येत नाहीत. ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द घ्या. पहिली वेलांटी कानाला ‘व’नंतर ऐकू येते पण हाताला आधी काढावी लागते, ‘द्य’ जोडून लिहायचा, रफार ऐकू येतो ‘थ’च्या आधी आणि बसतो ‘थी’च्या डोक्यावर. मोठ्या माणसाचा हात हे न विचारता करतो. ज्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालतानाच दमछाक होते, ते या शब्दापाशी तीनदा थांबते, आणि तोवर फळ्यावरची ओळ पुसलेली असते. म्हणून आम्ही गुण मोजत नाही. फळ्यावरचे पाच मिनिटांत किती शब्द उतरले, एका ओळीसाठी मान किती वेळा वर करावी लागली, हात दुखतो असे मूल कितव्या ओळीला म्हणाले, हे मोजतो. या नोंदी दर तीन महिन्यांनी आपल्याला मिळायला हव्या होत्या. पहिला अहवाल मिळाला पाचव्या महिन्यात, आणि त्यात ‘व्हिज्युअल मोटर इंटिग्रेशन’सारखी वाक्येच्या वाक्ये होती. वाचून पालकाला संध्याकाळी घरी काय करायचे ते कळत नसेल, तर त्या कागदाला अहवाल म्हणण्यात अर्थ नाही.

गुणांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. वाचन, शुद्धलेखन आणि गणित मागे असेल तर ते काम विशेष शिक्षिकेचे, म्हणजे रेमेडियलचे. ऑक्युपेशनल थेरपीने हात, बैठक आणि कामाची सवय यांवर काम होते, उताऱ्याचा अर्थ त्याने कळू लागत नाही. ही दोन वेगळी कामे दोन वेगळ्या व्यक्ती करतात, म्हणून शुल्क वेगळे. पण आमच्या पाटीवर दोन्ही नावे एकाच ओळीत आहेत आणि प्रवेशाच्या फॉर्मवर हा फरक कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे घोळ होण्यास आम्हीच जागा ठेवली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू झाले, तरी नावाचा गोंधळ आजही मिटलेला नाही. एका आजोबांनी ‘व्यवसायोपचार’ वाचून, नातवाला नेमका कोणता व्यवसाय शिकवणार, असे मला गंभीरपणे विचारले होते. त्यांना दोष कसा द्यावा? नवा फॉर्म आता साध्या मराठीत आहे, आणि ‘थेरपीने परीक्षेतील गुण वाढतील असे केंद्र सांगत नाही’ हे वाक्य त्यात सहीच्या वर छापले आहे.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. ते सुचवणे म्हणजे हात वर करणे नव्हे, आणि या एका मुद्द्यावर मी माघार घेणार नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी कायमची अडचण, असलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या राज्यात १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला आहे. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलतींना त्या कागदाखेरीज शाळा मान्यता देत नाही. तो कागद आमच्यासारखे खासगी केंद्र देऊ शकत नाही. तो शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाकडूनच मिळतो. त्यामुळे यात आमचा एक रुपयाचाही संबंध नाही. जानेवारी २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर देण्याची आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. म्हणजे तो जन्माचा शिक्का नाही. ‘आत्ताच कशाला, दहावीला बघू’ असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यात नववी उजाडते, तारखेसाठी रांग लागते, आणि ज्या मुलाने पाच वर्षे अपुऱ्या वेळात पेपर अर्धा सोडलेला असतो, त्याने तोवर स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेले असते. प्रमाणपत्र काढायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. थेरपी आणि रेमेडियल त्याच्याबरोबर चालू राहू शकतात. एकामुळे दुसरे थांबत नाही.

‘धंदा’ म्हणाल तर हो, आम्ही शुल्क घेतो आणि त्यातून जागेचे भाडे व सहा जणींचे पगार निघतात. मात्र ज्याचे काम झाले नाही त्याचे पैसे ठेवणे योग्य नाही. थेरपिस्ट न कळवता बदलल्यानंतरची प्रत्येक वेळची पहिली तीन, अशी एकूण सहा सत्रे आम्ही रद्द धरली असून त्यांचे ४,२०० रुपये आपण ज्या खात्यातून भरले होते त्यातच परत केले जातील. त्यासाठी अभिप्राय काढण्याची किंवा तारे वाढवण्याची कोणतीही अट नाही. मुलाची पूर्ण फाईल, म्हणजे पहिल्या दिवसाचे आणि शेवटच्या दिवसाचे लेखनाचे नमुने, मोजमापे आणि साध्या मराठीत नव्याने लिहिलेला दोन पानी अहवाल, बंद पाकिटात तयार आहे. दुसऱ्या केंद्रात गेलात तर तिथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. बोलायचे असल्यास शनिवारी दुपारी तीननंतर मी कोणतेही सत्र ठेवलेले नाही. आपण दोघेच आलात तर बरे. मुलाला आणू नये, ही विनंती.

आपली,
केंद्र संचालिका व ऑक्युपेशनल थेरपिस्ट