किलोमीटरला किती पडलं?

काल सांगलीच्या गावभागात दाढीला बसलो होतो. गळ्यात फडकं, तोंडाला फेस, नाकाखाली वस्तरा. या अवस्थेतल्या माणसाला काहीही विचारता येतं. मागच्या बाकावरच्या काकांना हे पक्कं माहीत. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पेपर वाचायला येतात.

"काय रे, करपलास की!"

"अंदमान," मी फेसातून म्हणालो.

"किलोमीटरला किती पडलं?"

इथंच चुकलो. फुशारकीनं सांगून बसलो की हॉटेल नाही, पॅकेज नाही, तिथल्या लोकांसारखं राहून स्वस्तात आलो. हॅवलॉकला, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपला, गोविंदनगरात एका बंगाली कुटुंबाची खोली घेतली. भाड्याच्या सायकली. बाजारातून भाजी आणून घरीच स्वयंपाक.

"भाजी स्वस्त असंल?"

नव्हती. कांदे-बटाटे मुख्य भूमीवरून जहाजानं येतात आणि भाडं आपल्याकडून वसूल करतात. सांगलीच्या बाजारात ज्याला हात लावत नाही तसला कांदा मी तिथं निवडून, दोनदा वजन करून घेतला. स्वस्त होते फक्त शहाळे आणि समुद्र. सरकारी बोट खाजगीपेक्षा स्वस्त, पण खरी सवलत बेटवासीयांना. खिडकीतल्या माणसानं माझं आधार कार्ड पाहिलं, 'सांगली' वाचलं आणि परत सरकवलं. पाच दिवस लुंगी नेसून हिंडलो होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही.

"भाकरी कोण थापत होतं?"

मी गप्प. वस्तराही थांबला.

"म्हणजे सूनबाईनं विमानात बसून जाऊन भाकरीच थापल्या!"

हेच वाक्य बायकोनं राधानगरच्या किनाऱ्यावर ऐकवलं होतं. तिथं साडेपाच-सहालाच अंधार पडतो म्हणून माझं तोंड दिसलं नाही, एवढंच.

काकांनी पेपरची घडी घातली. "खुळ्या, बेटावर ऱ्हायला अंदमान कशाला? 2019 च्या पुरात कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आठ दिवस आमच्या गच्चीचं बेट झालं. चारी बाजूंनी पाणी. होडी फुकट, खिचडी फुकट, वर हेलिकॉप्टर. लोकलसारखं कशाला, लोकलच होतो. 2021 ला परत बोलावणं. 2005 चं तर विचारूच नकोस."

दुकान हसलं. मीही हसलो. पण 2019 च्या त्या ऑगस्टात आमच्या तळमजल्यावरचं कपाट फुगून जे बसलं, ते अजून उघडत नाही. आत माझी दहावीची मार्कशीट आहे. काकांचं काय गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि माझ्या तोंडाला फेस होता. शिवाय सकाळपासून उन्हानं सोललेल्या नाकाची आग होत होती, त्यावर न्हाव्यानं तुरटी फिरवली. एक कळ गेली ती थेट मेंदूत.

उठलो. "किती?"

"शंभर."

"मागच्या महिन्यात ऐंशी होते."

"व्हय. पण तुम्ही आता अंदमानला जाणारी माणसं."

तेवढ्यात काकांनी खुर्चीत बसून कानावरचे केस फुकटात कातरून घेतले. जाता जाता माझ्या शंभरच्या नोटेकडे बघून म्हणाले, "तिकीट घेतलंस का?"